रुमालात न मावणारे दप्तर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भुवनेश्वर येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



या स्मरणिकेच्या तयारीसाठी गेल्या पावसाळ्यात कार्यकारिणीने जुने कागद धुंडाळावयास घेतले, तेव्हा त्या कामी आम्हांसही बोलावणे आले. ज्याचा उभा जन्म सरकारी दप्तरात गेला, तो कागद हुडकण्याच्या कामी उपयोगी पडेल, अशी एक भाबडी समजूत समाजात आहे. ती दूर करण्याच्या भरीस न पडता आम्ही गेलो. माजी कार्यवाहांच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मंडळाचे पहिले इतिवृत्त-पुस्तक सापडले. पन्नास वर्षांपूर्वीची निळी शाई, इकडची दमट हवा, वाळवी, आणि १९९९ च्या ऑक्टोबरातले ते महाचक्रीवादळ, इतके सगळे सोसूनही पहिल्या सभेचे इतिवृत्त आम्हांला चष्मा पुसून घेऊन सलग वाचता आले. अकरा कुटुंबे हजर होती. वर्गणी किती असावी यावर अर्धे पृष्ठ, आणि गणपतीची मूर्ती कटकच्या मूर्तिकाराकडून घडवून घ्यावी की सुटीवरून परतणाऱ्या कोणीतरी पेणहून आणावी, यावर अडीच पृष्ठे खर्ची पडली आहेत. कटकचा पक्ष एका मताने जिंकला.

त्याच ट्रंकेत प्लास्टिकच्या एका डब्यात चौदा तबकड्या होत्या. २००३ ते २००८ या वर्षांतील गणेशोत्सव, दिवाळी पहाट आणि दोन नाटके, असे त्यांवर सुबक अक्षरांत लिहिलेले. त्यांपैकी चार उघडल्या. दहा उघडल्या नाहीत. ज्या चार उघडल्या त्यांतील एकीवरच्या नाटकाचे चित्रण ज्या पद्धतीने साठवले होते ती पद्धत आजच्या संगणकास ठाऊक नाही, म्हणून तेही दिसले नाही.

अध्यक्षांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. त्या दिवशी माळ्यावरून उतरताना विषय निश्चित झाला. मंडळाच्या तबकड्यांचे जे झाले ते हौसेचे नुकसान आहे. परंतु आज केंद्र सरकारातील आणि बहुतेक राज्यांतील कामकाज संगणकावर चालते, आणि त्यात आपल्या सर्वांचे जन्म, जमिनी, नोकऱ्या, निवृत्तिवेतने आणि वाद साठलेले आहेत. हे दप्तर पन्नास वर्षांनी कोणाला वाचता येईल, आणि वाचावयाचे कोणास मिळेल, हे दोन प्रश्न आज आपल्यासमोर मांडावयाचे आहेत. आम्ही कलाशाखेचे साधे पदवीधर. संगणकाचे शास्त्र आम्हांला येत नाही. जे सांगणार आहोत ते फायली चाळून आणि चुका भोगून जे कळले, तेवढेच.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तेथे १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि कटकच्या बाराबाटी किल्ल्यातून तो चालत होता. अंमल म्हटला की दप्तर आलेच. मराठी राज्यकारभारात रोजकीर्द ही दररोजची नोंदवही असे. कोणता हुकूम कोणत्या तारखेस, कोणास, कशाबद्दल सुटला हे तीत उतरे. कागद रुमालात बांधले जात, आणि कोणत्या रुमालात काय आहे याचा अंदाज बाहेरून येई. पुण्यातील पेशवे दप्तर असे हजारो रुमालांचे आहे. इंग्रजांनी ते जाळले नाही, कारण इनामांची चौकशी करावयास त्यांना ते हवे होते. आणि लोकांना दाखविलेही नाही, कारण तीच चौकशी अंगावर उलटेल ही भीती होती. इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडी वाडे धुंडाळत कागद जमवीत असता सर्वांत मोठा साठा पुण्यातच कुलूपबंद होता, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. पुढे सर जदुनाथ सरकारांसारख्यांच्या प्रयत्नांनी तो उघडला आणि रियासतकार सरदेसायांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत संपादून काढले. कागद होते, जतनही झालेले होते, परंतु वाचणाऱ्याला आत घेईपर्यंत ते इतिहासाच्या दृष्टीने नसल्यासारखेच होते. जतन आणि खुलेपणा ही दोन निराळी कामे आहेत.

भारत सरकारने आपले अभिलेख सांभाळण्यासाठी ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास एक खाते उघडले. तेच पुढे दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार झाले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली विद्वान १९३९ पासून त्याचे प्रमुख होते, हे येथे सहज आठवले म्हणून सांगतो. या संस्थेचे एक अभिलेख केंद्र आपल्या भुवनेश्वरातच आहे, आणि आमच्या माहितीप्रमाणे या सभागृहातील फारच थोड्यांनी त्याची पायरी चढली असेल.

संसदेने १९९३ साली सार्वजनिक अभिलेख कायदा केला. त्यातील व्याख्या आम्ही नोकरीत आलो तेव्हा वाचली होती आणि तिचे महत्त्व आम्हांला त्या वेळी कळले नव्हते. दस्तऐवज, हस्तलिखित, फाईल, सूक्ष्मचित्रफीत हे सर्व सांगून झाल्यावर कायदा म्हणतो की संगणकाने वा अन्य साधनाने निर्माण केलेली सामग्री हीदेखील सार्वजनिक अभिलेखच होय. म्हणजे ज्या काळी बहुतेक कचेऱ्यांतून टंकलेखन यंत्रांचा खडखडाट चालू होता, त्या काळी कायद्याने पुढचे पाहिले होते. १८९२ पूर्वीचा कोणताही कागद, तो अगदीच निकामी झाल्याशिवाय, नष्ट करता येणार नाही, असेही त्यात आहे. नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र नष्ट करणे म्हणजे काय? कागद फाडावा लागतो, जाळावा लागतो. कोणीतरी ते पाहते. संगणकातला अभिलेख नष्ट करावयास काहीच करावे लागत नाही. पंधरा वर्षे त्याकडे कोणी पाहिले नाही, एवढे पुरते.

ही गोष्ट आम्ही कशी शिकलो ते सांगतो. गावाचे आणि कचेरीचे नाव घेत नाही. तेथील माणसे भली होती, आणि चूक कोणा एकाची नव्हती. एका प्रकल्पासाठी १९९० नंतरच्या दशकात काही गावे उठली होती आणि मोबदल्याच्या याद्या त्या वेळच्या नव्या संगणकावर तयार झाल्या होत्या. छापील प्रती बाडांत होत्या. मूळ याद्या आठ फ्लॉपींवर होत्या, आणि त्या फ्लॉपी एका पाकिटात घालून पाकिटावर लाखेची मोहोर केलेली होती. जतनाची जी काही कल्पना त्या वेळी होती तीप्रमाणे सर्व काही चोख होते. आम्ही तेथे रुजू झालो तोवर तळमजल्यात दोनदा पाणी शिरून बाडांचा लगदा झाला होता. २०११ साली एक वृद्ध गृहस्थ आले. वडिलांच्या नावे मोबदला मंजूर झाला होता, अर्धा मिळाला, अर्धा राहिला, असे त्यांचे म्हणणे. हातात एक पावती, तीही अर्धी. पुरावा म्हणजे ती यादी.

फ्लॉपी वाचणारे यंत्र कचेरीत उरले नव्हते. शेजारच्या एका महाविद्यालयाच्या अडगळीतून एक मिळाले. सात फ्लॉपी उघडल्या. उघडल्या म्हणजे काय, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि ठिपके यांची रांगोळी उमटली. नावे देवनागरीत होती, परंतु त्या काळी देवनागरी लिहिण्याच्या अनेक रीती होत्या. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली एक राष्ट्रीय मानक झाले होते आणि युनिकोडही त्याच सुमारास निघाले होते. तथापि कचेऱ्यांतून चालत ते निरनिराळ्या विक्रेत्यांचे फॉन्ट. प्रत्येकाची गुप्त लिपीच म्हणा ना. पडद्यावर ‘क’ दिसे, आत मात्र इंग्रजी ‘डी’ साठवलेला असे. फॉन्ट गेला की ‘क’ गेला. दहा दिवस आम्ही आणि एक तरुण सहायक त्या रांगोळीपुढे बसलो. शेवटी निवृत्त झालेल्या एका लिपिक बाईंच्या घरी, त्यांच्या शिवणयंत्राच्या खणात, कळफलकाचा तक्ता मिळाला. कोणत्या कळीला कोणते अक्षर, याचा हाती लिहिलेला कागद. त्यावरून नावे सुटली. त्या गृहस्थांच्या वडिलांचे नाव पाचव्या फ्लॉपीवर होते.

आठवी फ्लॉपी उघडली नाही. तीवर कोणती गावे होती हे सांगणारा कागद कोठेच नव्हता. त्या गावांतून कोणी आले नाही. किंवा आले असतील तेव्हा आमची बदली झालेली होती.

या हकीगतीत सगळे काही आले आहे, म्हणून ती इतकी लांबविली. संगणकीय अभिलेख टिकावयाचा तर चार गोष्टी एकाच वेळी टिकाव्या लागतात: ज्यावर तो लिहिला ती वस्तू, ती वाचणारे यंत्र, आतल्या संकेतांचा अर्थ, आणि हा अभिलेख कोणाचा, कधीचा, कशाचा हे सांगणारी नोंद. कागदात या चारी गोष्टी एकाच पानावर असतात. त्यांतही कधी तूट येतेच म्हणा. पेशवे दप्तराचा कागद धडधाकट आहे, पण मोडी वाचणारा डोळा दुर्मिळ झाला. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या जुन्या मोडी कागदांपुढे बसवावयास वाचक शोधावे लागले, हे आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. परंतु मोडी शिकता येते. सहा महिने मन लावले तर साधारण बुद्धीच्या माणसास येते. हरवलेल्या फॉन्टाचे वर्ग कोठे भरतात?

मग उपाय काय? तज्ज्ञांनी दोन सांगितले आहेत आणि गंमत अशी की दोन्ही जुनेच आहेत. पहिला म्हणजे वेळोवेळी नक्कल उतरवणे. येथील राज्य संग्रहालयात ताडपत्रांचा फार मोठा संग्रह आहे, जरूर पाहावा. ताडपत्र काही शतके टिकते, पण ग्रंथ त्याहून अधिक टिकला, कारण पान जीर्ण होण्याआधी कोणीतरी नव्या पानावर लोखंडी लेखणीने तो पुन्हा कोरला. संगणकात हेच करावयाचे, फक्त काही शतकांऐवजी काही वर्षांनी. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत अभिलेख हलवावयाचा, आणि शक्यतो अशा पद्धतीत की जिचे नियम एका कंपनीच्या तिजोरीत नसून सर्वांसाठी छापलेले आहेत. पीडीएफ नावाची पद्धत आपण सर्व वापरतो. तिचाच दीर्घ जतनासाठी बेतलेला ‘पीडीएफ-ए’ हा प्रकार २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात अक्षरांचे वळण, म्हणजे फॉन्ट, दस्तऐवजाच्या पोटातच ठेवावा लागतो. आमच्या आठ फ्लॉपींच्या वेळी एवढे झाले असते तर शिवणयंत्राचा खण उघडावा लागला नसता.

दुसरा उपाय, नव्या यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयास लावणे. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने जमिनीची जी मोजदाद करविली तिचे हस्तलिखित आजही वाचता येते. तिच्या ९०० व्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने शाळाशाळांतून माहिती गोळा करून नव्या काळाची मोजदाद लेसर तबकड्यांवर केली. पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि २००२ च्या सुमारास विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राचे सोंग आणणारी आज्ञावली रचून तो मजकूर पुन्हा जिवंत केला. ही कथा संगणकवाले नेहमी सांगतात. तिचा पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. २०११ मध्ये तो मजकूर मोठ्या थाटाने संकेतस्थळावर आला, आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले. त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आधीच उतरवून ठेवली होती, म्हणून वाचले. सोंग किती सुंदर वठते यापेक्षा, पाळी कोणाची आहे हे ठरलेले असणे महत्त्वाचे.

नक्कल उतरवली की दुसरी शंका येते: नक्कल बरहुकूम आहे हे कशावरून? शाळेत आपण बेरजेचा ताळा करीत असू. संगणकातही प्रत्येक दस्तऐवजाचा एक ताळा काढता येतो. मजकुरातील स्वल्पविराम हलला तरी ताळा बदलतो. अभिलेख आत घेताना ताळा नोंदवावयाचा, दरवर्षी पुन्हा काढून पाहावयाचा, जुळला नाही तर दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत आणावयाची. दुसरे गाव का, हे भुवनेश्वरकरांना सांगावयास नको. १९९९ चे वादळ सर्वांना स्मरते. राष्ट्रीय सूचना केंद्राची मोठी विदाकेंद्रे दिल्ली, हैदराबाद, पुणे आणि भुवनेश्वर येथे आहेत. पुण्याचे नाव या यादीत आपल्या गावाशेजारी वाचून आम्हांला थोडे बरे वाटले, हे लपवीत नाही.

पुण्याचे या कामात आणखीही एक नाते आहे. तेथील सी-डॅक संस्थेत अंकीय जतनाचे केंद्र निघाले, आणि शासनाच्या संगणकीय अभिलेखाबरोबर कोणकोणती माहिती जोडून ठेवावी याचे मानक २०१३ साली केंद्र सरकारने लागू केले त्यामागे त्या केंद्राचे काम होते. २०१७ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील दृक्श्राव्य संग्रहास विश्वासार्ह अंकीय भांडाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळविणारे ते जगातील पहिले भांडार. त्यामागची यंत्रणाही पुण्याच्याच मंडळींची. ज्ञान आपल्याकडे नाही असे नाही.

तर मग अडते कोठे? उत्तर देताना आम्ही आमच्याच वर्गाविषयी बोलणार आहोत, तेव्हा थोडी सवलत असावी. कागदाच्या काळात कपाट भरे. कपाट भरले की कोणीतरी वैतागून फायली काढी, आणि मग ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी प्रतवारी होई: कायम ठेवून जिची प्रतही काढावयाची ती, नुसती ठेवावयाची ती, आणि काही वर्षांनी रद्दीत घालावयाची ती. ‘अ’ आणि ‘ब’ प्रतीच्या फायलींचा २५ व्या वर्षी फेरविचार होऊन राखण्यासारख्या असतील त्या अभिलेखागाराकडे जावयाच्या. संगणकाचे कपाट भरत नाही. नवीन सर्व्हर येतो. म्हणून प्रतवारी करावी असे कोणास वाटत नाही, आणि २५ वर्षे थांबण्याइतके आयुष्य त्या फायलीला नसते. दुर्लक्ष झालेला कागद अनेकदा केवळ दुर्लक्षामुळेच वाचला आहे. संगणकातल्या फायलीला दुर्लक्ष मानवत नाही. तिची प्रतवारी जन्मतःच झाली पाहिजे, बारशाच्या दिवशी.

कागदाच्या बाबतीतही सर्व आलबेल होते असे नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनी जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे, तसेच हरितक्रांतीचे अभिलेख त्यांच्याकडे नाहीत; मंत्रालये आणि विभाग १५१, त्यांपैकी ३६ चेच अभिलेख त्यांच्याकडे आलेले. ते ऐकले त्या दिवशी जेवणाच्या सुटीत आमच्या मेजाभोवती बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आपल्या कपाटात काय आहे, याचा हिशेब ज्याने त्याने मनात केला असावा.

ई-ऑफिस या व्यवस्थेचा आम्हांला आदर आहे. तीत टिपणी आधी पिवळी असते, बदलता येते. एकदा कायम केली की हिरवी होते आणि मग तीत कोणालाही, अगदी सचिवांनाही, फेरफार करता येत नाही. कोणी कधी पाहिले हेही उमटते. कागदी फाईलचे पान बदलल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या हिरव्या रंगाचे मोल कळेल. परंतु निर्णय जेथे होतो तेथे फाईल असते काय? पूर्वी टिपणीत ‘चर्चा करावी’ असा शेरा येई आणि चर्चेचा गोषवारा पुढच्या परिच्छेदात उतरे. आता चर्चा व्हॉट्सॲपवर होते, आणि फायलीत दोनच शब्द येतात: ‘चर्चेनुसार मान्य’. कोणती चर्चा? ती ज्या फोनमध्ये होती तो फोन मुलाला दिला गेला.

अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा खटला झाला. रेगन यांच्या कारकिर्दीत इराण-काँट्रा प्रकरणी अधिकाऱ्यांनी आपापसांतील संगणकीय संदेश पुसून टाकले होते, पण राखीव फितींवर ते उरले आणि चौकशीत बाहेर आले. जानेवारी १९८९ मध्ये, सत्तांतराच्या तोंडावर, त्या फिती पुसल्या जाऊ नयेत म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. सरकारचे म्हणणे, महत्त्वाचे संदेश कागदावर छापून ठेवले की पुरे. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने हे नाकारले. कोणी पाठविला, कोणाकोणास मिळाला, केव्हा मिळाला, हे छापील कागदावर असतेच असे नाही. म्हणून छापील प्रत आणि मूळ संदेश हे एकच नव्हेत, असे न्यायालय म्हणाले. आपल्याकडे ‘प्रिंट काढून फायलीला लावला’ असे समाधानाने सांगणाऱ्या प्रत्येकाने, आमच्यासह, हा निकाल वाचावा.

आता खुलेपणाविषयी. १९९३ चा कायदा ३० वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले अभिलेख प्रामाणिक संशोधकास दाखवावे असे सांगतो. २००५ चा माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. त्यास संशोधक असण्याची गरज नाही, कारण सांगण्याची गरज नाही, आणि २० वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत नकाराची बरीचशी कारणे गळून पडतात. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात सर्व अभिलेख सूची करून ठेवावेत आणि योग्य ते संगणकावर आणून देशभर जोडावेत, असे कर्तव्य सांगितले आहे. लोक अर्ज करण्याचे कलम जाणतात. अर्जच करावा लागू नये असे सांगणारे हे कलम फार थोडे जाणतात.

राष्ट्रीय अभिलेखागाराने ११ मार्च २०१५ रोजी ‘अभिलेख पटल’ हे दालन उघडले. घरबसल्या नाव नोंदवून जुने कागद पाहता येतात. भोपाळ, इंदूर, बडोदे, तंजावर येथील आपल्या मंडळींनी अवश्य पाहावे. मात्र एक सूचना. नागपूरकर भोसल्यांविषयी शोधाल तर आपण लिहितो तसे नाव लिहून फारसे हाती लागणार नाही. कंपनीचे साहेब त्यांना ‘बेरारचा राजा’ म्हणत, आणि भोसले हे नावही ते तऱ्हेतऱ्हेने लिहीत. शोधाची चौकट दिली म्हणजे सूची दिली असे नव्हे. जुन्या रुमालावर बाहेर काय आहे ते सांगणारा जो कारकून होता, त्याची जागा चौकटीने भरून निघत नाही. शिवाय तेथे आहेत ती मुख्यतः कागदांची छायाचित्रे. संगणकातच जन्मलेले अभिलेख सर्वांसमोर कसे मांडावेत, ही पुढची आणि अधिक कठीण पायरी आहे.

ती कशी चढता येते याचे एक उदाहरण आम्हांला आवडते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन लष्करभरतीच्या नोंदी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर होत्या. १९४७ मध्ये त्यांची सूक्ष्मचित्रे काढून पत्ते नष्ट केले. पुढे अर्ध्या शतकाने त्या चित्रांतील छिद्रे संगणकाकडून वाचवून घेतली. काही लाख पत्ते वाचलेच गेले नाहीत, जे वाचले त्यांतही चुका निघाल्या. तरीही तेथील अभिलेखागाराने सुमारे ९० लाख नोंदी, त्या सदोष आहेत असे स्पष्ट लिहून, लोकांसाठी खुल्या केल्या, आणि नातवंडे आजोबांची नावे शोधू लागली. आमच्याकडे शंभर टक्के बिनचूक होईपर्यंत दार उघडावयाचे नाही अशी वृत्ती आहे. तिला आम्ही काळजी म्हणतो. तीत थोडी भीतीही असते.

भीती सगळीच खोटी नाही. विखुरलेल्या कागदांत प्रत्येकाची खासगी माहिती एका अर्थी झाकलेली असे. तीच एका जागी आणून शोधण्याजोगी केली की निवृत्तिवेतनधारकाचा पत्ता, आजार, बँक खाते ठकाच्या हाती पडते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातील खासगी माहितीचे पोटकलम बदलले, त्यावरून वाद झाला तो याच ठिकाणी. आम्ही सेवेत असल्याने त्यावर मत देणार नाही. इतकेच म्हणू की त्या वृद्ध गृहस्थाला यादीतील सर्वांची नावे नको होती, एकच हवे होते. आणि ते एक दाखवावयास आम्हांला पूर्ण यादी जतन झालेली हवी होती.

मंडळाच्या ट्रंकेकडे येतो. इतिवृत्त-पुस्तकाची छायाचित्रे काढून झाली आहेत. एक प्रत कार्यवाह वहिनींकडे, दुसरी पुण्यास माजी अध्यक्षांच्या कन्येकडे, तिसरी छापील स्वरूपात ग्रंथपेटीत ठेवली आहे, आणि कोणत्या चित्रात कोणती सभा याची यादी प्रत्येक प्रतीसोबत आहे. दर गुढीपाडव्यास प्रती उघडून पाहावयाचे काम कार्यकारिणीने ठरावाने एका पदाधिकाऱ्यास नेमून दिले आहे. उरलेल्या दहा तबकड्या आम्ही फेकू दिल्या नाहीत. २००५ च्या नाटकात ज्यांनी कामे केली त्यांच्या घरी त्या चित्रणाची दुसरी प्रत असल्यास, किंवा कोणाकडे त्या काळचा चालू संगणक अडगळीत पडला असल्यास, कृपया आजच, चहापानाच्या वेळी, आम्हांला भेटावे.